बाटलीवरचं आडनाव

माझ्या हातून गेलेला पाण्याचा नमुना खोटं बोलत नाही. हे वाक्य मी नगरपरिषदेत रुजू झाले त्या दिवशी बोलले, आणि पुढचं दीड वर्ष कुणी विचारलेलं नसताना बोलत राहिले. जावेच्या डोहाळजेवणात बोलले. बँकेत केवायसीच्या रांगेत बोलले. एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या लोणंदच्या कांदा व्यापाऱ्याला बोलले, तो बिचारा पुढच्याच स्टॉपला जागा बदलून बसला. आता बोलत नाही. का ते सांगते, पण हसायचं नाही. हसलातच तर निदान आमच्या सासूबाईंसमोर तरी हसू नका.

मी संयोगिता. आमचं गाव कराडच्या खाली आणि सांगलीच्या वर, कृष्णेच्या काठाला. गावाचं नाव सांगत नाही आणि माझं आडनावही सांगत नाही, कारण नाव लावलं की काय होतं तेच तर पुढे सांगायचंय. गावाला नगरपरिषद आहे, नगरपरिषदेला पाणीपुरवठा विभाग आहे आणि विभागाला मी आहे. रसायनशास्त्राची पदवी आणि हातात एक निळी पेटी. पेटीत काचेच्या दोन नळ्या, ओटी नावाच्या द्रावणाची छोटी बाटली आणि रंगांचा तक्ता. काम सोपं. पाण्यात चार थेंब टाकायचे. पिवळा रंग आला की पाण्यात क्लोरीन आहे, म्हणजे जंतू मेलेत, खुशाल प्या. रंग आला नाही तर शून्य, आणि शून्य म्हणजे गावाची पोटं वाऱ्यावर. मग उरलेलं पाणी बाटलीत बंद करून सांगलीच्या प्रयोगशाळेत पाठवायचं.

माझ्या आधी हे काम एक व्हॉल्व्हमन करायचे. ते महिन्यातून एकदा फिल्टर हाउसवर जायचे, तिथल्या एकाच नळाखाली अकरा बाटल्या भरायचे आणि ओट्यावर बसून त्यांना अकरा गल्ल्यांची नावं चिकटवायचे. वर्षानुवर्षं सगळं गाव एकसारखं पिवळं! मला हे कळलं तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी थेट आमच्या साहेबांपुढे उभी राहिले.

आमचे साहेब म्हणजे धैर्यशील साहेब, पाणीपुरवठा अभियंता. माणूस सज्जन, पण त्यांचा विश्वास फक्त कागदावर. समोर आग लागली असली तरी आधी विचारतील, "लेखी आहे का?"

"साहेब," मी म्हटलं, "यापुढे नमुना घराघरातून घेणार. अकरा गल्ल्या, अकरा घरं. आणि प्रत्येक बाटलीवर त्या घराचं आडनाव, ठळक अक्षरात. म्हणजे कुणाला लबाडी करता येणार नाही."

"लेखी द्या," साहेब म्हणाले. मी दिलं. अकरा घरांत माझंही घर घातलं. पारदर्शकता म्हणजे पारदर्शकता.

नियम असा की नळ आधी दोन मिनिटं सोडून द्यायचा, मग बाटली भरायची. याची रंगीत तालीम मी घरीच केली. नळ सोडला आणि घड्याळाकडे बघत उभी राहिले. आता आमच्या सासूबाई, मनुबाई, माहेरच्या जत तालुक्यातल्या. त्यांचं लहानपण टँकरची वाट बघण्यात गेलं. आमच्याकडे तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला जातं आणि हात धुतलेलं पाणी अंगणात शिंपडलं जातं. त्यांनी धावत येऊन नळ बंद केला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी माझे दागिने गटारात सोडत होते.

"यव्वा! डोकं फिरलं का गं तुझं?"

"आई, नियम आहे. दोन मिनिटं सोडायचा."

"असला नेम करनाऱ्याला जतला धाड म्हनावं उन्हाळ्यात."

गावातही तेच. पहिल्याच घरी मी नळ सोडला तर त्या बाईंनी खाली बादली लावली, मग घागर लावली, मग कळशी, तांब्या, आणि शेवटी नातवाची वॉटरबॅगही. दोन मिनिटांत मला घाम फुटला, मी बाहेर येऊन बसले आणि बाटली त्या बाईंनीच मागून आतून भरून आणून दिली. दुसऱ्या घरी अंजनाकाकूंनी यावर तोडगा काढला. अंजनाकाकू आमच्याच मागच्या गल्लीतल्या.

"द्या मॅडम ती बाटली. आत लय पसारा हाय, तुमी कुटं येताय? मी आनते भरून. बसा, चहा टाकलाय."

मी बसले. चहा घेतला. चहा फक्कड होता. बाटली भरून आली, वर तोंड पदराने पुसून. मग पुढच्या घरीही तसंच झालं, त्याच्या पुढच्याही. दिवसभरात मी नऊ चहा आणि एक ताक प्याले. गाव किती सहकार्य करतंय म्हणून मला भरून आलं.

मग थेंब टाकले. पहिली बाटली, रंग नाही. दुसरी, नाही. तिसरी, चौथी, पाचवी, नाही, नाही, नाही. अकरापैकी दहा घरांचं पाणी काचेसारखं स्वच्छ आणि क्लोरीन शून्य! माझ्या स्वतःच्या घरचंही शून्य. एकाच बाटलीत सुंदर पिवळा रंग आला. तिच्यावरचं आडनाव मी दोनदा वाचलं. ती बाटली चांदसाहेबांच्या घरची होती.

चांदसाहेब म्हणजे आमचं फिल्टर हाउस. नदीचं पाणी गाळायचं आणि त्यात क्लोरीन सोडायचं काम गेली चौतीस वर्षं त्यांच्याकडे. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं. महापुरात फिल्टर हाउसचं बेट झालं होतं, तेव्हा हा माणूस चार दिवस तिथंच राहिला, शेंगदाणे खाऊन. रोज गावाला पाणी सोडण्याआधी एक घोट स्वतःच्या जिभेवर धरणार, डोळे मिटणार, आणि मगच व्हॉल्व्ह फिरवणार. याच महिन्याच्या एकतीस तारखेला ते निवृत्त होणार होते. निरोप समारंभासाठी नवा सदरा शिवून तयार होता, आणि तो अंगात कसा बसतो हे त्यांच्या बायकोने, अख्तरबी चाचींनी, मला स्वतः दाखवलं होतं.

मी फिल्टर हाउसवर गेले.

"चाचा, क्लोरीन टाकताय ना वेळेवर?"

त्यांनी चष्मा काढला. "बेटा, मी येकवेळ जेवायचं इसरंन. का गं?"

मी सांगितलं. ते हसले. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय.

साहेबांना मात्र थट्टा वाटली नाही. त्यांनी माझा तक्ता दोनदा वाचला. "दहा घरी शून्य आणि यांच्या एकट्याच्या घरी बरोबर? म्हणजे हे क्लोरीन फक्त स्वतःच्या गल्लीला सोडतात काय?"

इथे मी तोंड उघडायला हवं होतं. सगळ्या गावाला पाणी एकाच टाकीतून जातं. एका घरात क्लोरीन आणि शेजारी नाही, असं करायला माणूस जादूगारच हवा. पण माझ्या हातून गेलेला नमुना खोटं बोलत नाही ना! मी म्हणाले, "साहेब, तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, पण अशक्य म्हणता येणार नाही."

हे वाक्य आठवलं की आजही मला स्वतःच्या पदवीची लाज वाटते.

साहेबांनी लेखी आदेश काढला: क्लोरीन दुप्पट करावे. दुसऱ्या दिवशी गावात वास सुटला. तिसऱ्या दिवशी आमचे पाणीपुरवठा सभापती हंबीरराव ऑफिसात आले. हंबीरराव फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. शर्टाला कडक इस्त्री, आणि मिशा काळ्याभोर, पिळदार, दर रविवारी न चुकता रंगवलेल्या.

"मॅडम," ते म्हणाले, "सकाळच्या चहाला मिल्ट्री हॉस्पिटलचा वास येतोय. कप तोंडाला लावला की इंजेक्शन आटवतंय."

"सभापतीसाहेब," मी समजावून सांगितलं, "वास येतो म्हणजे क्लोरीन हवेत उडतोय. हवेत उडतोय म्हणजे पाण्यात राहत नाही. पाण्यात राहत नाही म्हणजे आणखी टाकायला पाहिजे."

हंबीरराव विचारात पडले. शास्त्राची भाषा ऐकली की फौजी माणूस सावधान होतो. ते मान हलवून गेले.

मी आठवड्याने पुन्हा फेरी काढली. पुन्हा अकरा घरं, पुन्हा चहा, फक्त या वेळी चहाला वास नव्हता हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. पुन्हा दहा घरी शून्य. चाचांच्या घरची बाटली मात्र हळदीसारखी झाली. अख्तरबी चाची दारात उभ्या होत्या. मी सहज म्हटलं, "चाची, तुमच्याकडे वास नाही वाटत पाण्याला?"

"येतंय की गं माय. पर काय करतीस? जार आनला तर ह्ये मानूस घरात जेवायचं न्हाई. म्हनतंय, मी गावाला पाजतो त्ये मी प्यायचं न्हाई व्हय?"

मी मान डोलावली आणि पुढे गेले. एवढं लख्ख उत्तर कानात पडलं, आणि ते एका कानाने ऐकून मी दुसऱ्या कानाने सोडून दिलं.

साहेबांचा नवा आदेश: क्लोरीन तिप्पट. आता गावाची दशा काय सांगावी! मरून रंगाच्या साड्या गुलाबी झाल्या. पुरणपोळीला जलतरण तलावाची चव आली. हंबीररावांच्या मिशा आधी तपकिरी, मग तांबूस, मग भट्टीत भाजलेल्या कणसाच्या केसांसारख्या दिसू लागल्या. ते ऑफिसात तोंडाला रुमाल लावून बसायचे. गावात जारच्या पाण्याचा टेम्पो दिवसातून एक फेरी मारायचा, तो तीन मारू लागला. टेम्पोवाला मला रस्त्यात बघून गाडी थांबवायचा आणि हात जोडायचा. "ताई, असंच लक्ष असू द्या." मला वाटायचं, माणसाची जलजागृती झालेली दिसतेय.

आणि मग साहेबांनी चाचांना कारणे दाखवा नोटीस काढली. भाषा अशी: 'आपण क्लोरीनचे वितरण केवळ आपल्या निवासस्थानापुरते मर्यादित ठेवल्याचे नमुना तपासणीवरून दिसून येते.' सुनावणी एकतीस तारखेला दुपारी बारा वाजता, म्हणजे निरोपाच्याच दिवशी. खुलासा पटला नाही तर समारंभ रद्द, आणि सेवापुस्तकात लाल शेरा.

नोटीस द्यायला मलाच पाठवलं. चाचांनी ती तीनदा वाचली. मग नीट घडी करून वरच्या खिशात ठेवली.

"चौतीस वर्सांत माज्या पुस्तकात येक लाल शेरा न्हाई, बेटा. शेवटच्या पानावर यायचा हुता व्हय."

मला फार वाईट वाटलं. परत येताना सायकलवाला अंगावर आला तरी मला दिसला नाही. रात्री जेवण गेलं नाही. पण करणार काय? दोनदा तपासलं होतं, दोनदा तेच आलं होतं. मी ठरवलं, एकतीसला सुनावणीआधी शेवटची फेरी काढायची. काही झालं तरी या माणसासाठी एक तरी पिवळी बाटली शोधायची.

एकतीस तारीख उजाडली. सुरुवात घरापासून. रिकामी बाटली सासूबाईंच्या हातात दिली आणि मी पेटी आवरायला बसले. तेवढ्यात आठवलं, मोबाइल चार्जिंगला स्वयंपाकघरात राहिलाय. आत गेले, आणि दारातच थबकले.

सासूबाईंनी ओट्यावर जार चढवला होता. बाटलीच्या तोंडावर स्वच्छ पांढरं फडकं बांधलं होतं, आणि त्या जारचं पाणी फडक्यातून गाळत, थेंबही न सांडता, नगरपरिषदेच्या बाटलीत भरत होत्या.

"आई, हे काय चाललंय?"

"बाटली भरतीय."

"जारमधून?"

"मग काय नळातनं भरू? आडनाव लिवलंय न्हवं त्येच्यावर आपलं? बाटली सांगलीला जातीय. थितं चार मानसं हुंगून बघनार, म्हननार ह्या घरात असलं पानी पितात. घराची अब्रू हाय का न्हाई?"

मी विचारलं, "आधीच्या दोन वेळा?"

"पैल्यांदा उकळून, गार करून दिलं. दुसऱ्यांदा अंजनाच्या पानी शुद्ध करायच्या मशिनीचं मागून आनलं." सासूबाईंनी आयुष्यात कुणाकडे वाटीभर साखरही मागितली नव्हती. "तिनं सोताच्या बाटलीत तर वाळा घातला हुता, वासाला. मी म्हनलं, लय झालं, साधंच दे."

"म्हणजे सगळीच घरं..."

"समदीच. अगं, मॅडम दारात आलीया, घराचं नाव लिवून न्हेतीया, आनि नळाचं वतून द्यायचं? मानूसकी हाय का न्हाई?"

मला एकदम सगळं दिसलं. उकळलेल्या पाण्यात क्लोरीन राहत नाही, मशीनच्या आणि जारच्या तर नाहीच. मी क्लोरीन वाढवत गेले, तसा वास वाढत गेला. वास वाढला तसे जार वाढले. आणि जार वाढले तशी माझी शून्यं पक्की झाली. साऱ्या गावात नळाचं खरं पाणी एकट्या अख्तरबी चाचींनी दिलं, म्हणून चाचांना नोटीस! आणि ते जुने व्हॉल्व्हमन, ज्यांना मी लबाड म्हटलं, त्यांच्या अकरा बाटल्या एका नळाच्या असल्या तरी निदान नळाच्या होत्या.

मला इतका राग आला, की तो कुणावर काढावा कळेना. अर्थातच सासूबाईंवर काढला.

"आज मी साहेबांना घेऊन घराघरांत जाणार. बाटली कुणाच्या हातात देणार नाही. स्वतः नळ सोडणार! आपल्या घरीसुद्धा! सगळ्यांसमोर!"

"सायेब आपल्या घरी येनार?" एवढंच त्या म्हणाल्या. मी चप्पल घालून पळालेही होते.

ऑफिसात साहेब, तोंडाला रुमाल लावलेले हंबीरराव आणि नव्या सदऱ्यातले चाचा सुनावणीला बसायच्या तयारीत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"पण कागदावर शून्य आहे," साहेब म्हणाले.

"साहेब, कागद जारचा आहे! चला माझ्याबरोबर."

चौघं निघालो. पहिलं घर अंजनाकाकूंचं. त्या बाटलीसाठी हात पुढे करून उभ्याच होत्या. मी बाजूने सरळ स्वयंपाकघरात. पसारा खरंच होता, तेवढं एक त्या खोटं बोलल्या नव्हत्या. नळ सोडला. पाणी वाया गेल्याचं सासूबाईंना कळेल या धसक्याने मी बादली मागितली, ती हंबीररावांनी स्वतः खाली धरली. दोन मिनिटं झाली, नळी भरली, चार थेंब टाकले.

पाणी पिवळं झालं नाही. नारिंगी झालं! माझ्या तक्त्यावर हा रंगच नव्हता.

"मॅडम, आता आमचं आडनाव सांगलीत खराब हुनार का वं?" अंजनाकाकूंनी घाबरून विचारलं.

मी बाटलीवरची चिठ्ठी फाडली आणि नुसता आकडा टाकला, एक. काकूंचा जीव भांड्यात पडला. मग दुसरं घर, तिसरं, चौथं. सगळीकडे नारिंगी. हंबीररावांनी रुमाल खाली घेतला आणि बादलीतल्या पाण्यात स्वतःच्या मिशांकडे बघितलं.

"म्हंजी ह्ये समदं तुमच्या चहापायी?" ते मला म्हणाले. मी पेटी आवरण्यात गुंतल्यासारखं केलं.

 दहाव्या घराबाहेर चाचांनी साहेबांना थांबवलं.

"सायेब, सत्काराचं मागनं बगू. आदी डोस कमी करायचा कागद द्या. गाव लय हैरान हाय. मी रोज रजिस्टरला लिवतोय, वास जादा हाय, डोस उतरवावा. सोळा दिस झालं लिवतोय."

साहेबांनी रजिस्टर उघडलंच नव्हतं. त्यांचा कागदावर एवढा विश्वास, आणि नेमका हा कागद वाचायचा राहिला! त्यांनी भिंतीला वही टेकवून तिथल्या तिथे आदेश लिहिला. मग घड्याळ बघितलं. "दहा घरं झाली मॅडम. तुमचं राहू दे. सिद्ध झालंय."

इथे गप्प बसावं की नाही? सांगा बरं! पण नाही. मी मान ताठ केली. "नाही साहेब. माझ्या घराला सवलत नको. माझ्या हातून गेलेला नमुना खोटं बोलत नाही."

सासूबाई दारात उभ्या होत्या, ठेवणीतलं पातळ नेसून. स्वयंपाकघर आरशासारखं. नळाच्या तोटीला चिंच लावून घासलं होतं आणि वर कुंकवाचं बोट. मी नळ सोडला. दोन मिनिटं पाणी वाहिलं आणि सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. तिथेच मला शंका यायला हवी होती. नळी भरली, थेंब टाकले.

काही नाही.

पुन्हा टाकले. काही नाही. पाणी काचेसारखं.

"शून्य," साहेब म्हणाले. त्यांचा हात हळूहळू खिशाकडे गेला, जिथं नोटिशीची स्थळप्रत होती. "म्हणजे मुद्दा पुन्हा तोच. काही घरी आहे, काही घरी नाही. वितरण असमान आहे."

 दहा घरं कमावली आणि अकराव्यात, माझ्याच घरात, चाचांचा निरोप बुडत होता! चाचांनी ओट्यावरचं भांडं घेतलं, नळाखाली धरलं, एक घोट जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. 

"जारचं हाय," ते म्हणाले.

"नळातून जारचं?" साहेब ओरडले.

मग सगळे सासूबाईंकडे वळले. त्या अजिबात डगमगल्या नाहीत. "ही म्हनली, सायेब नळ सोडनार. म्हनून गच्चीवरच्या टाकीत वतलं. सात जार. आदी टाकी रिकामी केली, अंजना हुती जोडीला."

"मावशी, टाकीतलं पाणी टाकून दिलंत?" साहेबांनी कपाळाला हात लावला. "तेच तर आम्हाला हवं होतं. आता पुरावा कुठला आणायचा?"

"टाकून?" सासूबाईंचा आवाज चढला. साहेबांनी दुसरं काहीही विचारलं असतं तरी चाललं असतं. "मी जतची हाय! पानी टाकून दीन व्हय मी?"

त्यांनी मागचं दार उघडलं. परसात घंघाळ, हंडे, कळश्या, बादल्या, पातेली, पिंप, इडलीचं भांडं, माझ्या नवऱ्याची फौजेतली लोखंडी पेटीसुद्धा, सगळं काठोकाठ भरलेलं. वर धूळ पडू नये म्हणून ताटं झाकलेली. मी हंड्यातलं पाणी नळीत घेतलं आणि चार थेंब टाकले. नारिंगी! घंघाळातलं, नारिंगी. इडलीच्या भांड्यातलं, नारिंगी. मी तिथेच रडले. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग सासूबाईंना हात जोडले. त्या म्हणाल्या, "पानी हाय आनि येवढं, घिऊन जाताय का कळशीभर?"

चार वाजता समारंभ झाला. हंबीररावांनी चाचांच्या गळ्यात हार घातला, भाषणात महापूर आला, शेंगदाणे आले. माझ्या चहाचा उल्लेखही त्यांनी केलाच. सदरा चाचांना उत्तम बसला होता. व्यासपीठावर पाण्याचा जार ठेवलेला. चाचांनी तो बाजूला सारला आणि नळाचं मागवलं. एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "उद्या सकाळपातूर उतरंल," ते माइकवर म्हणाले, आणि उरलेला पेला संपवला. टाळ्या थांबेनात.

समारंभ संपल्यावर साहेबांनी मला बोलावलं. चाचांना दिलेली नोटीस त्यांनी परत घेतली होती. तिच्यातला मजकूर खोडून वर लिहिलं होतं, 'नमुना नियमाप्रमाणे स्वहस्ते न घेता चहा घेत बसल्याबाबत', आणि चाचांच्या नावावर रेघ मारून खाली माझं नाव घातलं होतं. तीन दिवसांत लेखी खुलासा.

संध्याकाळी मी तो कागद सासूबाईंपुढे टाकला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला.

"बरं केलं सायबानं, त्योच कागद वापरला. कोरा कशाला वाया घालवायचा?" मग चष्मा लावून जवळून बघितलं. "ह्येच्यावर आडनाव लिवलंय आपलं?"

"लिहिलंय."

"आनि तुजा जबाब हापिसात जानार?"

"जाणार. फाइलला लागणार."

त्या उठल्या, पायात चप्पल सरकवली आणि बाहेर गेल्या. पाच मिनिटांनी परत आल्या, हातात एक नवं कोरं शाईचं पेन.

"अंजनाच्या ल्योकाचं मागून आनलंय, लगनातलं. आपलं नगं त्ये घरातलं. नीट अक्षर काढ."